दोघांनी सोडलेली जमीन

जमिनीवरून भावाभावांची डोकी फुटतात, यात नवीन काही नाही. दरवर्षी बांध थोडा थोडा कोरायचा, नांगराचा एक चर हळूच पलीकडच्या रानात घुसवायचा आणि कुणी विचारलंच तर आभाळाकडे बघायचं, ही विद्या शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावी लागत नाही. पण आत्याच्या दोन भावांनी जे करून ठेवलं ते कुणी ऐकलं नव्हतं. ते जमीन घेण्यावरून भांडलेच नाहीत. न घेण्यावरून भांडले.

आत्या म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी. तिला सगळी गल्लीच आत्या म्हणते, ती ज्यांची कुणी लागत नाही तेसुद्धा. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मधे पडदा. दुकानात पायानं चालवायचं मशीन, कापड बेतायला लांब टेबल, खिळ्याला अडकवलेले कागदी नमुने आणि दारात एक बाक. बाकावर गिऱ्हाइकं कमी, गप्पा मारणारेच जास्त. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हापासून ती सुईवरच जगली. गल्लीत तिच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगत: आत्यानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. हे कानावर आलं की ती मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागे, पण मनातून तिला ते आवडायचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कुणी दागिने मिरवतं, आत्या न मागणं मिरवायची.

वडील गेले आणि वाटणी निघाली, तेव्हा ती नुकतीच सासरहून परत आली होती. मुलींना जमीन देण्याची रीत नव्हती, पण कागद पक्का व्हायला तिची सही लागत होती. ओट्यावर सगळे बसले. थोरल्यानं विचारलं, तुझं काय? धाकटाही तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, मला काय करायचीय जमीन, माझं पोट शिवणावर चालेल. आणि तिनं हक्क सोडल्याची सही करून टाकली. तेव्हा थोरल्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला, तेवढं तिला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी रानात मधोमध दोरी धरली. दोरीचं एक टोक आत्याच्याच हातात होतं. खुणा झाल्या आणि हद्दीचे दगडी खांब ज्यानं त्यानं आपापले रोवावेत असं ठरलं. थोरल्यानं आपले खांब खुणेवर न रोवता चांगले आत, आपल्याच रानात रोवले. म्हणाला, भावाचं खाल्लं असं उद्या कुणी म्हणायला नको. धाकट्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं दुपारी येऊन आपले खांब तसेच आत घेतले. म्हणाला, थोरल्याच्या जमिनीत माझा खांब गेला तर तोंड कुठे दाखवू? संध्याकाळी दोघांनी पाहिलं तर खांबांच्या दोन रांगांमधे गाडी वळवता येईल एवढी पट्टी मोकळी पडली होती.

शहाणे असते तर हसले असते आणि खांब हलवले असते. पण थोरला म्हणाला, तू सरक पुढे, तू लहान आहेस. धाकटा म्हणाला, आधी तू. थोरल्यानं विचारलं, मी तुला हावरा वाटलो काय? धाकट्यानं उलट विचारलं, मग मी वाटलो? बोलता बोलता आवाज चढले, आणि त्या वर्षी दोघं एकमेकांच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. या दोघांच्या भिडेनं चांगली काळी जमीन पोरकी केली.

पट्टीला नाव पडलं मधली. आधी नुसतं गवत माजलं. मग पाखरांनी बिया टाकल्या आणि बोरी उठल्या, बाभळी उठल्या, त्यांच्यावर वेली चढल्या. सुगरणींनी बाभळीला घरटी टांगली, आणि मुंगसाचं एक जोडपं असं बिनधास्त फिरायला लागलं की जणू हद्दीचा कागद त्यांच्याच नावाचा. बाभळीच्या ढोलीत मधमाश्या आल्या. दोन्ही बाजूंना मैलभर सरळ नांगरलेली रानं आणि मधे हा एवढा पिंजारलेला पट्टा. धाकटा एकदा म्हणाला होता की काकडीचे वेल मधलीच्या कडेला जास्त धरतात. थोरला म्हणाला, माझ्याकडेही तसंच आहे. झालं, यापलीकडे त्या विषयावर चर्चा झाली नाही.

मुळात सुरुवातीला बोलणं तरी कुठे होतं? ते सुरू झालं आत्यामुळे. सुट्टीच्या दिवशी ती बसनं यायची, दोघांसाठी डबा घेऊन. पण डबा उघडायचा कुठे? थोरल्याच्या झाडाखाली बसलं तर धाकटा पाहुणा होणार, आणि धाकट्याच्या विहिरीवर बसलं तर थोरला. पाहुणा व्हायला दोघंही तयार नव्हते. शेवटी आत्या वैतागून मधलीत शिरली, बोरीच्या सावलीत सपाट दगड बघून बसली आणि दोघांना हाक मारली. तिथं यजमान कुणीच नव्हता, त्यामुळे पाहुणाही कुणी नव्हता. दोघं आले. आपापला दगड घेऊन आले, हे सांगायला हवं, दुसऱ्याच्या दगडावर बसतील तर शपथ. पण आले, जेवले, आणि डब्यातलं शेवटचं एकमेकांना तू घे, तू घे करत तसंच ठेवून उठले.

त्या तीन दगडांवर मग कितीतरी वर्षं गेली. आत्याला आयुष्यातलं सुख कुठलं असं कुणी विचारलं असतं, तर तिनं तेच सांगितलं असतं. वर सुगरणींचा गोंगाट, समोर दोन भाऊ, एक बाहीनं तोंड पुसणारा आणि एक पुसायचंच विसरणारा. शर्टांच्या उसवलेल्या शिवणी ती तिथंच घालायची, अंगावरच, आणि हलू नका म्हणून दोघांना दटावायची. शिंपिणीचे भाऊ असून असले फाटके फिरता, लोक मला काय म्हणतील, असं ती म्हणे. ते दोघं एकाच वेळी हसायचे. हसणं दोघांचं अगदी एक होतं, डोळे मिटून ऐकलं तर कुठला कोण ते कळायचं नाही.

मग दोघांची मुलं मोठी झाली. थोरल्याचा मुलगा आणि धाकट्याची मुलगी. थंडीत बोरं पिकली की ही दोघं मधलीत घुसायची आणि माझी तुझी करून एकमेकांच्या झिंज्या उपटायची. आत्या बसमधून कधी उतरते याची मुलं वाटच बघत असायची. आत्या, बोरं घेऊ का? ती सांगायची, खालची तुमची, वरची पाखरांची. झाडावर चढायचं नाही. मुलं कुरकुरायची, पण ऐकायची. आत्याला वाटे, आपला धाक आहे.

कपडा बेतताना शिंपी आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही, नवशिक्याला ती वायाच गेली असं वाटतं, आणि तो ती कातरून टाकतो. मग अंग भरलं की कपडा सैल करायला जागाच उरत नाही. मधली आत्याला तशी वाटायची. असू दे, म्हणायची, कुठेतरी थोडं सोडलेलं बरं असतं.

आधी थोरला गेला, मग धाकटा. भाचा ट्रॅक्टर घेऊन आपली आणि लोकांची रानं नांगरायला लागला. भाची शहरात बँकेत लागली आणि तिनं जमीन वाट्यानं लावून दिली. आत्या सुट्टीच्या दिवशी जातच राहिली. दगडांभोवतीची जागा झाडायची, पाखरांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यात पाणी भरायची आणि आपल्या दगडावर थोडा वेळ बसून परत यायची. रिकाम्या दोन दगडांकडे बघून जीव तुटायचा, पण न जाऊन जास्त तुटायचा.

अशात सरकारनं नवी मोजणी काढली. ही बातमी आत्याला दुकानाच्या बाकावर कळली. जमीन कचेरीतला कारकून तिचं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या पँटी दरवर्षी सैल कराव्या लागत. पँट होईपर्यंत तो बाकावर बसून नवा कायदा सांगत होता. नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला आता मालक पाहिजे. ज्याला मालक नाही ते सरकारजमा, आणि सरकार ते पडीक म्हणून जो साफ करून पेरील त्याला देणार. शेजारच्यांनी आपसांत वाटून मागितलं तर त्यांना मिळेल. नाहीतर कुणाची वर्षानुवर्षं उघड वहिवाट असेल आणि शेजारी मान्य करत असतील, तर त्याला. आत्यानं विचारलं, आणि तिथं नुसती झाडं असतील, कुणी राखलेली, तर? कारकून म्हणाला, झाडं तोडली तर जमीन वापरात आली असं धरतात, ठेवली तर पडीक. मग तो जरा ओशाळून म्हणाला, मी नाही केला हो कायदा.

भाचा आला तो पेढ्यासारखं तोंड गोड करून. म्हणाला, आत्या, मिटलं एकदाचं. मी आणि ताई बोललो, मधली निम्मी निम्मी करून टाकतो. मोजणी झाली की ट्रॅक्टर घालून साफ. त्याचंही चूक नव्हतं. त्याचा ट्रॅक्टर त्या टोकाला धड वळत नव्हता, सावलीनं कडेचं पीक खुरटत होतं, आणि मधलीतली साळिंदरं रात्रीतून भुईमूग उकरत होती. भाचीच्या वाटेकऱ्याचीही तीच रड. दोन घरांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि नेमकं कशावर, तर मधली कापण्यावर. आत्या बरं म्हणाली. तो गेल्यावर तिनं एका गिऱ्हाइकाची उजवी बाही डाव्या बाजूला जोडली आणि ते तिला इस्त्री करेपर्यंत कळलं नाही.

पुढचे काही दिवस तिनं स्वतःशी भांडण्यात घालवले. समजावून सांगावं तर ती दोघं ऐकून घेतील, मान हलवतील आणि ट्रॅक्टर घालतील. बोरींचं, माश्यांचं, सुगरणींचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. कागदावर फक्त माणसाचं नाव चालतं. म्हणजे मधली वाचवायची तर कुणीतरी ती आपली म्हणायला हवी होती. भावांनी दोघांनी मिळून एवढ्यासाठीच ती सोडली होती की कुणी आपली म्हणू नये. आणि आता ती आपली म्हणणार कोण, तर जिनं जन्मात काही मागितलं नाही ती. आत्याला त्या विचारानंच अंगावर काटा आला. रडूही आलं. मग तिनं तोंड धुतलं आणि कारकुनाला निरोप धाडला की हरकत कशी नोंदवतात ते सांगून जा.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? बाकावरच्या मंडळींनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग म्हणायला लागली, साठी बुद्धी नाठी. कुणी म्हणालं, म्हातारपणी डोहाळे लागले. कुणी म्हणालं, इतकी वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवत होती, आता बाहेर काढलं. हे सगळं बाक झिजवणारेच बोलत होते, तिनं फुकट बटणं लावून दिलेले. आत्या ऐकत होती आणि मशीन जरा जोरात चालवत होती. न मागण्याचं सगळं वैभव एका दिवसात गेलं, आणि ते आपल्याला केवढं प्रिय होतं हे तिला गेल्यावर कळलं.

भाचा आला, पण बाकावर बसला नाही. दारातच उभा राहिला. म्हणाला, "आत्या, तू हक्क सोडला होतास. तुला जमीन हवी होती तर मला म्हणायचंस, मी माझ्यातली दिली असती. कचेरीत जायची काय गरज होती?"

"तुझ्यातली नकोय मला," ती म्हणाली. "मला ती तशीच हवीय."

त्याला काही ते समजलं नाही. भाचीनं फोनवर इतकंच विचारलं, बाबांच्या जागेवर हक्क सांगतेस, आत्या? आणि फोन ठेवून दिला. त्या सुट्टीच्या दिवशी आत्या पहिल्यांदाच मधलीत गेली नाही.

मोजणीच्या दिवशी थंडी चांगली पडली होती आणि बोरी पिकून लाल झाल्या होत्या. मोजणी अधिकारी आपलं तिपाईवरचं यंत्र घेऊन आला, दोन्ही बाजूंचे खांब पाहिले आणि चक्रावला. त्याच्या नोकरीत एकमेकांच्या रानात घुसलेले खांब त्यानं खूप पाहिले होते, एकमेकांपासून पळालेले पहिल्यांदाच पाहत होता. ऊन वाढलं तसा तो सावली शोधत मधलीत शिरला आणि चौकशीला तिथंच बसला, थोरल्याच्या दगडावर. भाचा उभा राहिला. भाची शहरातून आली होती, तीही उभी राहिली. दोघांनाही तिथल्या दगडांवर बसवेना.

अधिकाऱ्यानं आत्याला विचारलं, वहिवाट सांगताय, म्हणजे केलंत काय? पेरलं? कुंपण घातलं? विहीर?

"काही केलं नाही," आत्या म्हणाली. "करूही दिलं नाही."

तो माणूस वाईट नव्हता. पेन खाली ठेवून त्यानं समजावलं की काही न करणं ही कायद्यात वहिवाट होत नाही. येऊन बसणं म्हणाल तर वाटसरूही झाडाखाली बसतो. मग त्यानं रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना विचारलं, बाईंचा ताबा तुम्हाला मान्य आहे का. भाचा म्हणाला, नाही. भाचीनं जमिनीकडे बघत मान हलवली, तिलाही मान्य नव्हतं. संपलं, तिला वाटलं, नावही गेलं आणि मधलीही गेली.

अधिकाऱ्याला अजून काही रकाने भरायचे होते. त्यानं वर न बघताच विचारलं, इथला लाकूडफाटा, फळं वगैरे कोण नेत होतं? भाचा म्हणाला, लाकूड कुणीच तोडलं नाही. बोरं आम्ही खायचो, लहानपणी.

"कुणाला विचारून?"

भाच्यानं भाचीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती गोष्ट दोघांच्याही मनातून गेली होती. मग भाची बोलली.

"आत्याला विचारून. बाबा सांगायचे, मधली माझी नाही, काकांचीही नाही. ती आत्याची आहे, तिला विचारल्याशिवाय एक बोर तोडायचं नाही."

अधिकाऱ्यानं आता वर पाहिलं. भाच्याला म्हणाला, आणि तुमचे वडील? भाचा तिसऱ्या दगडाकडे बघत होता, आत्याच्या, बसून बसून गुळगुळीत झालेल्या. खोटं बोलला असता तर त्याला अडवणारं तिथं कुणी नव्हतं.

"तेच सांगायचे," तो म्हणाला. "शब्द न् शब्द तेच."

मुलं आपल्या धाकानं विचारतात असं आत्या समजत होती. आपल्या पाठीमागे दोन घरांत दोन भाऊ हे एकच वाक्य सांगत होते, याची तिला गंधवार्ता नव्हती. एकमेकांशी ते या विषयावर कधी बोलले नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग त्या दिवशी खांब आत कुणासाठी घेतले होते? खरंच एकमेकांच्या भिडेनं, की हक्क सोडून मोकळ्या हातानं उठलेल्या बहिणीसाठी, द्यायला गेलं तर ती नको म्हणेल म्हणून नुसतंच सोडून? तिला तो न प्यालेला तांब्या आठवला. विचारायला आता दोघांपैकी कुणीच नव्हतं. ती रडली, अधिकाऱ्यासमोर, पदर तोंडाला न लावता.

परवानगी मागत होते म्हणजे मालकी मानत होते, असं अधिकारी म्हणाला आणि त्यानं दोघांचे जबाब लिहून सह्या घेतल्या. सही करताना भाच्याचा हात जरा थांबला, पण त्यानं केली. मग एक रकाना उरला, जमीन कसल्या वापरात आहे. पडीक लिहिलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अधिकाऱ्यानं विचारलं, इथं पिकतं तरी काय? भाची म्हणाली, बोरं. त्यानं त्या काट्याकुट्यांच्या गचपणाकडे एकवार नीट पाहिलं, आणि फळबाग असं लिहून टाकलं. कायद्याचं समाधान झालं.

यंत्र गुंडाळून अधिकारी गेला. भाचीनं आत्याला हाताला धरून दगडावर बसवलं आणि स्वतः आपल्या बापाच्या दगडावर बसली. भाचा जरा लांब, बोरीपाशी, पाठमोरा उभा होता. ट्रॅक्टर आता कसा वळवायचा याचा विचार करत असावा, असं आत्याला वाटलं. त्याला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला तो माणूस मग वळला, आणि दोन्ही हात मागे बांधून, लहानपणी उभा राहायचा तसा उभा राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "बोरं घेऊ का?"

"खालची घे," ती म्हणाली. "वरची पाखरांची."